विजेवर चालणारी चाकखुर्ची : बॅटरी व चार्जिंग यांची तपासणी

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वाचन, गणित, पटनोंदणी आणि शालेय पोषण आहार यांच्या पंक्तीत चाकखुर्चीची बॅटरी कोठून येऊन बसली, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. मी काही विद्युत् अभियंता नव्हे. आपल्यासारखाच खेड्यातील शाळांत आयुष्य घालविलेला एक शिक्षक आहे. परंतु माझ्या अज्ञानामुळे माझ्या वर्गातील एका मुलाचे अकरा दिवस वाया गेले. ती चूक आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, एवढ्याच हेतूने मी आज आपणांपुढे उभा आहे.

मुलगा सहावीत होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. स्नायू दुबळे होत जाण्याच्या आजाराने त्याचे चालणे चौथीतच थांबले होते. दोन वर्षे त्याची आई त्याला कडेवर घेऊन शाळेत पोहोचवीत असे. पुढे गावातील एका कुटुंबाच्या परदेशी असलेल्या नातेवाइकाने आपल्या घरची वापरलेली विजेची चाकखुर्ची शाळेला भेट दिली. तिच्या हातावरील लहानशी दांडी पुढे ढकलली की खुर्ची पुढे जाई, बाजूला झुकविली की वळे. ज्या दिवशी तो मुलगा कोणाच्याही हाताशिवाय स्वतः फाटकातून आत आला आणि प्रार्थनेच्या रांगेत आपल्या जागी येऊन थांबला, तो दिवस आमच्या शाळेत कोणी विसरलेले नाही.

मग उन्हाळ्याची सुटी लागली. त्याचे वडील मला म्हणाले, "गुरुजी, खुर्ची घरी नेऊ का?" मी उत्तर दिले की खुर्ची शाळेच्या जडवस्तुसंग्रहात नोंदविली आहे, ती शाळेतच कुलपात सुरक्षित राहील. मुलगा तेथेच बसला होता. त्याने विचारले, "मग तिला चार्ज कोण करील?" मी हसलो. सुटीत ती चालणारच नाही, तर तिला चार्ज कशाला करावयाचे, असे मी त्यास म्हणालो. खुर्ची पत्र्याच्या खोलीत ठेवली व कुलूप लावले. किल्ली चालू स्थितीत राहिली होती, हेही माझ्या ध्यानात आले नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खुर्ची जागची हलेना. चार्जर लावला तर त्याचा चार्जिंगचा दिवा लागेना. शहरातील एका दुरुस्तीवाल्याने दुरूनच पाहून "कंट्रोलर जळाला" असा निर्णय दिला व त्यासाठी जी रक्कम सांगितली ती ऐकून आम्ही सर्वजण गप्प झालो. अकरा दिवस मुलगा घरी राहिला, कारण तोपर्यंत त्याचे वजन वाढले होते आणि आईची कंबर धरली होती. बाराव्या दिवशी गावातील इन्व्हर्टर दुरुस्त करणारा एक तरुण आपला मल्टिमीटर घेऊन आला. त्याने आसन उचलले, दोन्ही बॅटऱ्यांवर मापन केले आणि पाच मिनिटांत सांगितले, "गुरुजी, कंट्रोलरला काही झालेले नाही. बॅटऱ्या उपाशी मेल्या." एकीवर ९ व्होल्ट होते, दुसरीवर ६. दोन नव्या बॅटऱ्या बसविल्या आणि खुर्ची त्याच संध्याकाळी चालू लागली.

मित्रहो, सांगावयाचे ते इतकेच की बंद पडलेली खुर्ची बहुधा मेलेली नसते. तिचा दोष क्रमाने शोधला तर तो बहुतेक वेळा चार्जर, वायर, फ्यूज किंवा बॅटरी या चार ठिकाणी सापडतो. आणि शोध लवकर लागला तर मुलाची गैरहजेरी वाचते. आपण हजेरीपत्रकावर जी लाल खूण करतो, तिचे कारण कित्येकदा मुलाच्या शरीरात नसून खुर्चीच्या आसनाखाली असते.

अशा वापरलेल्या खुर्च्या आपल्या शाळांत का येतात, तेही थोडे पाहू. केंद्र शासनाची दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी एडिप योजना १९८१ पासून चालू आहे, आणि कानपूर येथील 'अलिम्को' हा सरकारी कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला. परंतु मोटारीवर चालणारी खुर्ची व तिचाकी या योजनेत १६ वर्षांच्या पुढील व्यक्तींसाठी आहे. प्राथमिक शाळेतील मूल त्या वयात बसत नाही. त्यामुळे त्याला बहुधा हाताने ढकलण्याची खुर्ची मिळते, किंवा कोणाची तरी वापरलेली विजेची खुर्ची देणगी म्हणून येते. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १७ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत योग्य साहाय्यक साधने विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणे यांवर आहे. आपली जिल्हा परिषद हीही स्थानिक प्राधिकरण आहे. म्हणून खुर्ची देणगीची असली तरी ती चालती ठेवणे हे उपकाराचे काम नसून आपल्या कर्तव्याचा भाग आहे, अशी माझी समजूत आहे.

आता बॅटरीचा स्वभाव समजून घेऊ, कारण स्वभाव कळला की दोष ओळखणे सोपे जाते. बहुतेक जुन्या खुर्च्यांत शिसे व आम्ल यांची, बंद पेटीची बॅटरी असते. या जातीची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रथम सिद्ध केली. खुर्चीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या असतात, म्हणून खुर्चीला एकूण २४ व्होल्ट मिळतात. प्रत्येक बॅटरीच्या पोटात सहा कप्पे असतात व प्रत्येक कप्पा सुमारे २ व्होल्ट देतो. बॅटरी वापरली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो थर विरघळतो. परंतु बॅटरी रिकामीच पडून राहिली तर तो थर कठीण स्फटिकांचा होतो व मग निघता निघत नाही. माझ्या कुलूपबंद खोलीत नेमके हेच झाले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्ज करावी' असे पुष्कळ लोक सांगतात. निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांविषयी तसे म्हटले जाई. शिशाच्या बॅटरीस ते मुळीच लागू नाही. तिला भरलेले राहणे मानवते. खुर्ची दिवसभरात शंभर पावले चालली असली तरी रात्री तिला चार्जरला लावावे, हा नियम समजावा.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. मी ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने ती करावी. प्रथम सोपे व फुकटचे, शेवटी अवघड व खर्चाचे, असा हा क्रम आहे.

पहिली गोष्ट, खुर्ची खरोखरच बिघडली आहे काय, हे पाहावे. बहुतेक खुर्च्यांच्या मागे, मोटारीजवळ, एक किंवा दोन खटके असतात. ते फिरविले म्हणजे मोटार चाकांपासून सुटते व खुर्ची हाताने ढकलता येते. मुलांनी खेळताना हा खटका फिरविला की खुर्ची चालत नाही आणि सर्वांना वाटते की ती बिघडली. दुसरे असे की चार्जर जोडलेला असताना बहुतेक खुर्च्या मुद्दाम चालत नाहीत, ही सुरक्षेची योजना आहे. तिसरे, किल्ली चालू करताना दांडी मधोमध नसेल तर कित्येक खुर्च्या चालण्यास नकार देतात. म्हणून दांडी सोडून द्यावी, खुर्ची बंद करून पुन्हा चालू करावी. पॅनेलवरील दिवे ठरावीक वेळा लुकलुकत असतील तर ते किती वेळा लुकलुकतात हे मोजून वहीत लिहावे. खुर्चीच्या माहितीपुस्तिकेत त्या संख्येचा अर्थ दिलेला असतो आणि दुरुस्ती करणाऱ्यास ती संख्या फार उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, भिंतीतील प्लग. त्याच ठिकाणी मोबाइलचा चार्जर किंवा टेबल पंखा लावून पाहावा. आपल्या कित्येक शाळांत एक प्लग चालतो तर शेजारचा चालत नाही. भारनियमनामुळे रात्री वीज किती वेळ होती, याचीही चौकशी करावी. रिकामी बॅटरी भरण्यास आठ ते दहा तास लागतात. रात्री चार तास वीज गेली असेल तर सकाळी खुर्ची अर्धीच भरलेली असणार. तो दोष खुर्चीचा नव्हे.

तिसरी गोष्ट, चार्जर. प्रथम त्याच्या पाठीवरील पट्टी वाचावी. परदेशातून आलेल्या खुर्चीच्या बाबतीत हे अत्यंत महत्त्वाचे आहे. अमेरिकेत घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची असते, आपल्याकडे ती २३० व्होल्टची आहे. पट्टीवर 'इनपुट' या शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल तर चार्जर येथे चालेल. केवळ ११५ व्होल्ट असे लिहिले असेल तर तो आपल्या प्लगमध्ये कधीही लावू नये, तो जळेल व आग लागण्याचाही धोका आहे. काही चार्जरांवर ११५ व २३० असा बदलता येणारा खटका असतो, तो २३० वर आहे याची खात्री करून घ्यावी. त्याच पट्टीवर 'आउटपुट' या शब्दापुढे २४ व्होल्ट असावयास हवे. रिक्षाचा, स्कूटरचा किंवा इन्व्हर्टरचा चार्जर 'चालून जाईल' म्हणून जोडू नये.

चार्जरला दोन दिवे असतात असे समजू, एक वीज आल्याचा व एक चार्जिंगचा. पहिला दिवा लागत नसेल तर दोष प्लग, वायर किंवा चार्जर यांत आहे. पहिला लागतो पण दुसरा लागत नाही, असे असेल तर चार्जर व बॅटरी यांच्या मधला मार्ग तुटला आहे, किंवा बॅटऱ्या इतक्या रिकाम्या झाल्या आहेत की चार्जर त्यांना ओळखतच नाही. पुष्कळ आधुनिक चार्जर अशा अतिरिक्त उतरलेल्या बॅटरीस चार्ज करण्यास नकार देतात. आमच्या खुर्चीत हेच घडले होते. आणखी एक सूचना. असे काही चार्जर बॅटरीला जोडल्यावाचून आपल्या टोकांवर व्होल्ट दाखवीत नाहीत. म्हणून मोकळ्या टोकांवर शून्य मापन आले, एवढ्यावरून चार्जर मेला असा निर्णय करू नये. चार्जरची पेटी मात्र आपण उघडू नये. तिच्या आत घरगुती वीज असते.

चौथी गोष्ट, वायर व जोडणीचे तोंड. खुर्चीच्या बाजूस जेथे चार्जर लावतात तेथे बहुधा तीन छिद्रांचे गोल तोंड असते. त्यात धूळ, चिखल, खडूची भुकटी, कधी मुलांनी खोचलेली काडी सापडते. कोरड्या मऊ ब्रशने ते साफ करावे. आतील टाचणी वाकली असेल, वायर घडीपाशी तुटली असेल, तर ती बदलून घ्यावी. चार्जिंग चालू असताना वायर किंचित हलविली आणि दिवा लुकलुकला, तर दोष सापडला असे समजावे.

पाचवी गोष्ट, फ्यूज. तो बॅटरीच्या पेटीजवळ असतो. काही खुर्च्यांत फ्यूजऐवजी दाबण्याचे लहान बटण असते व ते बाहेर आलेले असेल तर परत दाबता येते. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अंकाचा फ्यूज घालावा. आपल्या खेड्यांत फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालण्याची सवय आहे. येथे ती सवय सोडलीच पाहिजे. या बॅटरीतून क्षणार्धात इतका मोठा प्रवाह वाहू शकतो की वायर लाल होऊन आसनाखाली पेट घेईल, आणि त्या आसनावर चटकन उठू न शकणारे मूल बसलेले असेल. नवा फ्यूज पुन्हा लगेच उडाला, तर तिसरा घालू नये. जाणकारास बोलवावे.

सहावी गोष्ट, बॅटरीची टोके. पेटी उघडण्यापूर्वी चार्जर काढावा, किल्ली बंद करावी, हातातील अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्या. २४ व्होल्टचा धक्का सहसा बसत नाही, परंतु पान्हा एकाच वेळी दोन्ही टोकांस टेकला तर मोठी ठिणगी उडते व हात भाजतो. टोकांवर पांढरा वा हिरवट थर जमला आहे काय, स्क्रू सैल झाला आहे काय, हे पाहावे. आपल्या खडबडीत रस्त्यांवर स्क्रू सैल होणे ही नित्याची गोष्ट आहे. सैल टोकामुळे खुर्ची मधेच बंद पडते व धक्का बसला की पुन्हा चालू होते. बॅटरीची पेटी फुगलेली असेल, चिरली असेल किंवा तिला ओल आली असेल, तर ती चार्ज करू नये. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे.

सातवी गोष्ट, मापन. साधा मल्टिमीटर फार महाग नसतो व विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडतो. तो डी.सी.च्या वीसपेक्षा मोठ्या मर्यादेवर ठेवून, लाल टोक लाल खुणेस व काळे टोक काळ्या खुणेस लावून, प्रत्येक बॅटरीचे मापन वेगळे घ्यावे. चार्जर काढून काही तास झाल्यावर घेतलेले मापन खरे असते. १२.७ किंवा अधिक आले तर बॅटरी भरलेली. १२.२ च्या आसपास आले तर सुमारे अर्धी. १२ च्या खाली आले तर जवळजवळ रिकामी. रात्रभर चार्ज करूनही एका बॅटरीवर १०.५ च्या आसपास मापन आले, तर तिचा एक कप्पा बाद झाला असे ओळखावे, कारण सहापैकी एक गेला की दोन व्होल्ट कमी होतात. चार्जर लावल्यावर दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून मापन हळूहळू २८ ते २९ व्होल्टपर्यंत चढले पाहिजे. ते जागचे हलतच नसेल, तर चार्जर किंवा मधला मार्ग सदोष आहे.

परंतु स्वस्थ बसलेल्या बॅटरीचे मापन पुष्कळदा फसविते. पॅनेलवर सर्व दिवे हिरवे दिसतात, मूल फाटकापर्यंत जाते आणि दिवे एकदम तांबडे होतात. ही थकलेल्या बॅटरीची हमखास खूण आहे. म्हणून खुर्ची चालत असताना मापन घ्यावे. एकाने मापन पाहावे, दुसऱ्याने खुर्ची हलक्या चढावर चालवावी. थोडे उतरले तर चालेल. परंतु एक बॅटरी १२ वर टिकली व दुसरी झपाट्याने १० च्या खाली गेली, तर दुसरी गेली असे समजावे.

आता बदलण्याविषयी. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच जातीच्या व एकाच क्षमतेच्या घ्याव्यात. पैसे वाचविण्यासाठी एकच बदलली, तर जुनी लवकर रिकामी होते, नवी तिच्याबरोबर ओढली जाते व काही महिन्यांत दोन्ही जातात. बैलजोडीत एक बैल तरणा व एक थकलेला जुंपला तर काय होते, ते आपणांस सांगावयास नको. मोटारगाडीची बॅटरीही घालू नये. ती इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असते, तासन् तास हळूहळू रिकामी होण्यासाठी नसते. पाणी घालण्याची इन्व्हर्टरची बॅटरीही नको, खुर्ची कलली तर आम्ल सांडेल. काही नव्या खुर्च्यांत लिथियमची बॅटरी असते. तिला तिचाच चार्जर लागतो, आणि ती फुगली वा आपटली असेल तर तिला हातही न लावता जाणकाराकडे न्यावे. जुनी शिशाची बॅटरी मात्र उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती पुनर्वापरासाठी परत गेली पाहिजे. विक्रेता ती परत घेतो व तिची किंमतही थोडीफार वळती करून देतो.

आपल्या जिल्ह्याचे हवामान व जमीन यांचाही विचार हवा. छत्रपती संभाजीनगर, पैठण, गंगापूर, वैजापूर या बाजूस उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या पुढे जातो. २५ अंशांच्या वर तापमान दर दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते. म्हणून पत्र्याची खोली ही खुर्चीसाठी वाईट जागा आहे. हवेशीर, सावलीची खोली तिला द्यावी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून थोडा ज्वालाग्राही वायू निघू शकतो, म्हणूनही खिडकी उघडी असावी. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांना धरला, किंवा खुलताबाद, कन्नड, सोयगाव या डोंगराळ भागांतील चढ लागला, की तीच बॅटरी निम्मे अंतर जाते. तेव्हा बॅटरीला दोष देण्यापूर्वी मुलाचा रस्ता एकदा स्वतः चालून पाहावा. वर्गापर्यंतच्या वाटेवर मुरूम टाकून घेणे हाही बॅटरी वाचविण्याचाच उपाय आहे.

सुटीविषयी मी जे शिकलो ते तीन वाक्यांत सांगतो. सुटी लागण्यापूर्वी खुर्ची पूर्ण चार्ज करावी व किल्ली बंद करावी. तिच्या पुस्तिकेत बॅटरीची वायर सोडण्याची रीत दिली असेल तर ती सोडून ठेवावी, आणि महिन्यातून एकदा तरी पुन्हा चार्ज करावे. आणि सर्वांत उत्तम म्हणजे खुर्ची मुलाच्या घरी द्यावी, कारण ती पायांसारखी आहे व पाय सुटीत कुलपात ठेवीत नाहीत.

या शेवटच्या गोष्टीविषयी नियमाची अडचण येते, हे मी जाणतो. जडवस्तुसंग्रहातील वस्तू शाळेबाहेर गेली तर लेखापरीक्षणात विचारणा होईल, ही भीती आपणां सर्वांना असते. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत ठराव केला, पालकांची सही घेतली आणि खुर्ची मुलाच्या ताब्यात दिली. पुढे कोणी आक्षेप घेतला नाही. नव्या बॅटऱ्यांचा खर्च लोकवर्गणीतून झाला. आपल्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना अशा खुर्चीची माहिती आरंभीच लेखी कळवावी. पुढे साधनाच्या मागणीचा प्रस्ताव करताना ती नोंद कामास येते.

कोणी आपल्या शाळेला वापरलेली खुर्ची देऊ केली, तर आनंदाने घ्यावी, पण चार गोष्टी पाहून घ्यावी. चार्जर मूळचा आहे काय? त्याच्यावर किती व्होल्ट लिहिले आहे? बॅटरीवर कोणत्या वर्षाची खूण आहे? आणि पूर्ण चार्ज केल्यावर, मुलाच्या वजनाचे ओझे ठेवून, ती अर्धा तास चालते काय? रोजच्या वापरात बॅटरी सामान्यतः दोन-तीन वर्षे टिकते. ती त्याहून जुनी असेल तर नव्या जोडीचा खर्च धरूनच देणगी स्वीकारावी. नाही तर मुलास एक महिना चालण्याची सवय लागते आणि मग ती मोडते. ही निराशा खुर्ची न मिळण्याच्या निराशेपेक्षा मोठी असते.

खुर्ची थांबली असता दुरुस्तीस दोन दिवस लागणार असतील, तर मागचा खटका फिरवून ती हाताने ढकलता येते, हे शाळेतील प्रत्येक शिक्षकास व मोठ्या मुलांस ठाऊक असावे. आमच्या अकरा दिवसांत हे आम्हांपैकी एकासही ठाऊक नव्हते. खुर्ची शाळेत बंद होती व मुलगा घरी बसून होता, पण त्या दोहोंत अंतर केवळ अर्ध्या फर्लांगाचे होते, आणि सातवी-आठवीतील चार मुले त्याला ढकलत आणण्यास एका पायावर तयार झाली असती. ही गोष्ट आठवली की आजही मला खंत वाटते.

त्या मुलाची पुढची हकीकत सांगून मी पुरे करतो. नव्या बॅटऱ्या बसल्यावर मी त्यास एक वही दिली. बॅटरी बसविल्याची तारीख, रोज रात्री चार्जिंग कधी सुरू झाले, वीज किती वेळ गेली आणि महिन्यातून एकदा दोन्ही बॅटऱ्यांचे मापन, हे सर्व तो स्वतः लिहू लागला. मापनाच्या दिवशी वर्गातील मुले भोवती जमत. दशांश अपूर्णांक मी फळ्यावर जितके दिवस शिकविले त्याहून चांगले ते १२.७ आणि १२.२ यांतील फरकाने मुलांस समजले. पुढच्या मे महिन्यात खुर्ची त्याच्या घरी राहिली. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी तो फाटकातून आत आला आणि माझ्यासमोर वही धरून म्हणाला, "गुरुजी, सुटीत एकही दिवस चुकला नाही."

बंधुभगिनींनो, आपल्या गावी अशी एखादी खुर्ची कोपऱ्यात धूळ खात पडली असेल, तर परिषद संपल्यावर गावी जाताच तिचे आसन उचलून पाहा. कदाचित एक सैल स्क्रू घट्ट करण्याचेच काम असेल. आणि ते झाल्यावर त्या मुलाच्या नावापुढे हजेरी मांडावी.